तानबाने घडवलेले पाटे

तानबावर हिंगणघाटात माझ्याइतकं कोणी जळलं नसेल, म्हणून त्याची गोष्ट मीच सांगतो. बैलबंडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवणारा हा माणूस. धाव लाल तापवायची, चाकावर बसवायची, वरून पाणी ओतायचं. एकदा आवळली की ती जन्मभर हलायची नाही. एवढंच त्याला येत होतं. आणि मी रूपराव, वीस वर्षं काम केलेला मोटार मिस्त्री. हायवेवरचे ट्रकवाले माझं नाव विचारत यायचे.

त्र्याऐंशी साली नागपूरहून जुन्या गाड्यांची रॅली निघणार होती, खडीच्या आणि जंगलातल्या रस्त्यांनी. जिनिंगवाल्या मोतीलालशेटांची वडिलांच्या वेळची अ‍ॅम्बॅसडर खड्ड्यात मागून बसायची. ती रॅलीसाठी तयार करायचं काम मलाच मिळणार असं धरून मी बायकोला सांगूनही टाकलं होतं. शेटांनी ते दिलं तानबाला!

"भट्टीचं काम हाय, तोच करन," म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रोज चहाचं निमित्त करून मी तिथून जायचो. तानबाने मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, उतरवले, तापवून एकेकाला जास्त बाक दिला, तेलात विझवले, दोन्हीकडे एकेक पाटा वाढवला, शॉकअप दणकट लावले. वणा नदीच्या पुलापलीकडच्या खडबडीत वाटेवर गाडी अशी पळाली की माझ्या तोंडून 'वा' निघणार होतं. मी जीभ चावली. शेटांनी खूश होऊन, चालवून पाहायला म्हणून, गाडी आठ दिवस त्याच्याकडेच ठेवली.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं. पाटे आक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट त्याने एकदाच आवळले होते. नवे पाटे थोडं धावल्यावर दबतात, बोल्ट ढिले पडतात. पुन्हा आवळले नाहीत तर आक्सल सरकून गाडी उलटायची. बंडीवाल्याला हे कुठून ठाऊक असणार? मी बोललो नाही. आठ दिवस बोललो नाही. मला गर्दी हवी होती.

निघायच्या सकाळी जिनिंगच्या आवारात ती मिळाली. हार, पेढे, शेटांच्या प्रमिलाबाई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या. मी पुढे झालो.

"तानबा, यू-बोल्ट पाह्यले का बे?"

"आवळले ना जी. काऊन?"

"पाना लावून पाह्य."

तो गाडीखाली शिरला. पाना चांगला दोन आटे फिरला. सगळं आवार वाकून बघत होतं, आणि मला जे सुख झालं ते कशाला लपवू?

तानबा पाना हातात घेऊनच बाहेर आला. "तुमाले कवा समजलं, रूपरावजी?"

"आत्ताच," मी म्हणालो.

त्याने सगळ्यांसमोर माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "तुमी हाय म्हणून वाचलो जी. कालच बायकोले अन् पोरीले याच गाडीत समुद्रपूरले नेलतं."

मला ते माहीत होतं. गाडी माझ्या दुकानावरूनच गेली होती. मागच्या काचेतून त्याच्या पोरीने मला हात केला होता, आणि मीही केला होता.