पांढऱ्या कोटावरचा ठिपका

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली मास्तर म्हणते, म्हणून मीही म्हणते. पुढच्या खोलीत दोन मशिनी. एकीवर मास्तर, दुसरीवर आमची लेक. शिवतात काय, तर डॉक्टर लोकांचे पांढरे कोट. माणूस कामाला वाघ, पण हट्टी. ते म्हणतील ती पूर्व दिशा. धागा कात्रीनं तोडायचा नाही, दातानंच तोडायचा. कात्री शोधण्यात वेळ जातो म्हणे.

खालचे पुढचे दात हलायला लागले तेव्हा मीच धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. लेकही बरोबर आली, कारण बाप मधूनच पळ काढणार ह्याची आम्हा दोघींना खात्री. दात राहतात की जातात, एवढंच मला विचारायचं होतं. पन्नाशीत बोळकं झालेला नवरा मला नको होता. त्यांना आपली धाग्याची काळजी.

बाईंनी आरसा घालून आत बघितलं आणि विचारलं, ब्रश दिवसातून किती वेळा करता? मास्तर ऐटीत म्हणाले, "सोडलाय. झाली की बरीच वर्षं."

मी आ वासून बघतच राहिले. अहो, ह्या माणसाशी संसार केला मी! रोज सकाळी ह्यांचा ब्रश ओला असायचा. तो नुसता नळाखाली धरायचे, मी कटकट करू नये म्हणून.

आणि कारण काय, तर ब्रश केला की हिरड्यांतून रक्त यायचं. मग धागा तोडताना कोटावर लाल ठिपका पडायचा. एकदा असाच एक कोट परत आला. मास्तरांनी ठरवलं, रक्त ब्रशमुळे येतं, तर ब्रशच बंद. आजार म्हशीला नि औषध पखालीला!

बाई रागावल्या नाहीत. रक्त ब्रशनं येत नव्हतं, म्हणाल्या, हिरड्यांखाली साचलेल्या घाणीनं येत होतं. ती घाण आता दगडासारखी होऊन पार मुळांवर बसलीय, आणि दात धरून ठेवणारं हाड खचलंय. खचलेलं हाड सहसा भरून येत नाही. हिरडी बधिर करून आत खोलवर सफाई करायची, आज एक बाजू, पुढच्या खेपेला दुसरी. हिरड्या आवळल्या तर दात तरतील, नाहीतर काढावे लागतील.

सुई टोचून बाईंनी हिरडी बधिर केली. मग खरवडणं सुरू झालं. किटलीच्या तळाला क्षार बसतो ना, तसले काळपट तुकडे ताटलीत पडायला लागले. मध्येच त्यांनी दातांमागून जीभ फिरवली आणि ताडकन उठून बसले. दात काढले माझे, असं हातवारे करून सांगायला लागले. बाईंनी आरसा पुढे धरला. दात जागच्या जागी होते. गेला होता तो दगड. इतकी वर्षं जिभेला तोच दात वाटत होता.

ती बाजू झाल्यावर बाईंनी बजावलं, मऊ ब्रश घ्या, दोन वेळा करा, आणि रक्त आलं तरी थांबू नका, थोड्या दिवसांत बंद होईल.

तेवढ्यात मागून लेक म्हणाली, "मग मीपण परत सुरू करू का?"

आम्ही तिघंही वळलो.

"मीपण सोडलाय ब्रश. बाबांनीच सांगितलं होतं, पांढऱ्या कापडाचं काम आहे म्हणून."

एका घरात राहून मला पत्ता नाही! मास्तर गळ्यातल्या रुमालासकट खुर्चीतून उतरले आणि त्यांनी पोरीला दंडाला धरून तिथं बसवलं. बाईंनी तिच्या हिरडीला नुसती सळई टेकवली, तर रक्ताचा थेंब वर आला.

"माझे सगळे काढा बाई," मास्तर बधिर ओठांनी कसंबसं बोलले, "हिचा एकही हलू देऊ नका."

बाईंनी सगळे दात तपासले. हिचं हाड शाबूत आहे, म्हणाल्या, हिला साधी सफाई पुरे. पण मास्तर तिथंच जमिनीवर बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. तोंडातली लाळ शर्टावर गळत होती, त्याचंही भान नव्हतं. स्वतःचे दात राहणार की जाणार, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलंच नाही.