नीलिमाच्या हृदयात जाताना

पाया लेबार स्टेशनला एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बदलताना फोन आला. नीलिमा गेली... डेंग्यूच्या तापाचं निमित्त झालं आणि आमची हसरी बया हातातून निसटलीच. गर्दी पुढे सरकली, मी तिथेच उभी. तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये आता एकटीसाठी कुकर लावायचा, हे सोसवेना.

आम्ही दोघी पुण्याच्या, इथे परदेशात एकाच प्रयोगशाळेत संशोधक. हृदय न थांबवता त्यातली झडप दुरुस्त करायची, तर सर्जनला आतलं दिसायला हवं. म्हणून आम्ही सोनोग्राफीचं चित्र व्हीआर चष्म्यात आणत होतो. तो घातला की माणूस हृदयाच्या आतच उभा राहतो. सरावाला एक हृदय हवं होतं. "माझं घ्या की, रिकामंच आहे," म्हणत नीलिमा आडवी झाली. मी छातीवर सोनोग्राफीचा प्रोब धरला, तिला श्वास रोखायला सांगितलं आणि माझीच जीभ वळवळली. "खरंच कुणी राहत नाही का, बघते हं!" ती फस्सकन हसली, चित्र हललं. प्रयोगशाळेचे सर वैतागले. पण "पेशंटही हलतोच की," म्हणून तिने ते रेकॉर्डिंग तसंच ठेवायला लावलं. चष्मा चढवण्याआधी मात्र ती चपला काढायची. "कुणाच्या काळजात पायताणं घालून जातात का गं?" तिचं बघून सगळेच दाराशी बूट काढू लागले.

ती गेल्यावर तिचं काम आमचा सहकारी वेई मिंगकडे आलं. एके दिवशी ते हललेलं चित्र दाखवत त्याने विचारलं, "दिस पार्ट व्हेरी शेकी, लाह. वी कट ऑर नॉट?" त्याचं चूक नव्हतं. पण तेवढंच तर तिचं हसू उरलं होतं माझ्याकडे... उद्या बघू, म्हणाले.

त्याच आठवड्यात तिची आई सामान न्यायला आली. "तिचं काम दाखव," म्हणाल्या काकू. दारातले जोडे बघून त्यांनीही न सांगता चपला काढल्या. मी चष्मा चढवून दिला. भोवती लेकीचं हृदय धडधडत होतं. काकूंचा हात वर गेला, हवेत चाचपडला... तेवढ्यात चित्र हललं.

"हे काय झालं गं?"

"हसली ती, काकू."

त्यांनी चष्मा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग म्हणाल्या, "परत लाव."

शेजारीच बसलेल्या वेई मिंगला मराठी कळत नाही. पण त्याने पुन्हा कापायचं नाव काढलं नाही.

मी अजून संध्याकाळी सगळे गेले की चपला काढते, चष्मा चढवते आणि ती हसेपर्यंत आत थांबते.