न लागलेला चटका

त्रेसष्ट साली माझा उजवा हात वाळत चालला होता आणि देवावरचा विश्वासही. आम्ही मुंबईचे ज्यू, आपल्या लोकांच्या नव्या देशात आलेले; तिथे बेर्शेबाच्या कापड गिरणीत मी फिटर. हातात पाना धरवेना, अंगठ्याखालचं मांस बसलं, दंडाची कातडी आपोआप फडफडू लागली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, दंडात सुई घालून यंत्रावरच्या रेघा पाहिल्या. मग डोळे मिटायला सांगून बोटांना टाचणी टोचत विचारलं, "लागतं?" मुंबईपासून साहेबापुढे 'नाही' म्हणायची सवयच नव्हती. शिवाय परीक्षेत नापास व्हायची भीती. डोळे किलकिले करून मी टाचणी पाहत होतो आणि दर खेपेस म्हणत होतो, "येस, डॉक्टर."

डॉक्टर इंग्रजीत शांतपणे म्हणाले, मोटर न्यूरॉनचा आजार दिसतो. त्यात स्नायू वाळतात, पण टोचणं, चटका सगळं कळत राहतं. तोच असला तर आयुष्य दोन-तीन वर्षं. पूर्वीच्या काळी डॉक्टर हात पाहूनच नाव देऊन मोकळे होत. हे मात्र दोन महिन्यांनी पुन्हा तपासून मगच नक्की सांगणार होते.

"अहो, हैफाला एलियाहू हन्नाबी प्रेषिताच्या गुहेत जाऊन येऊ. हात बरा झाला तर गोड पोह्यांचा मलिदा करीन," बायको म्हणाली. नवसाने नसा जुळत असत्या तर डॉक्टर उपाशी मेले असते, असं मी पुटपुटलो, आणि तरी बसमध्ये बसलो.

गुहेत उजव्या हातात मेणबत्ती धरून उभा होतो. शेजारची मोरोक्कोची म्हातारी एकदम ओरडली, "अरे, भाजत नाही का तुला?" पाहतो तर वितळलेलं मेण बोटांवर थिजलेलं, कातडी लाल. मला काहीच कळलं नव्हतं. तिने मेणबत्ती काढून घेतली, डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने माझी बोटं पुसली आणि गर्दीत गेली. नाव विचारायचं राहिलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांपुढे कबुली दिली, "मी बघून सांगत होतो." या खेपेस डोळे घट्ट मिटले. टाचणी झाली, गरम पाणी भरलेली काचेची नळी लावून झाली. "लागतं?" "नाही." "आता?" "नाही." माझं प्रत्येक 'नाही' ऐकून बायको रडू लागली. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर कागदावरचं आजाराचं नाव खोडत होते.

दुखणं निघालं मानेतल्या मज्जारज्जूचं, सावकाश वाढणारं. हात बरा झाला नाही, तरी बायकोने मलिदा केलाच. नारळ मी डाव्या हाताने खवला. बायको म्हणते, वेष पालटून प्रेषितच आला होता; ती म्हातारी कोण, याचा वाद मी घालत नाही. प्रार्थनेला उभा राहिलो की आता डोळे पूर्ण मिटतो.