दाब, धर, सोड

एकच काम अकरा वेळा करून वहीत अकराही वेळा 'ओके' लिहिणारे पुण्यात बहुधा माझेच वडील असावेत. त्यांचं नाव नागोराव थूल. मूळचे वर्ध्याकडचे. तरुणपणी पुण्यात आले, एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि अठ्ठावीस वर्षं तिथल्या एकाच मशिन-शॉपमध्ये राहिले. मग तिथे कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली, त्यांच्यामागोमाग टाय लावलेली मुलं आली आणि बाबांसकट चाळीस जणांना एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घ्यायची इच्छा झाली. अशी इच्छा आपल्याला झाली आहे हे त्यांना नोटीस वाचून कळलं.

निरोपाला शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. बाबांना लागलं ते वेगळंच. जुन्या मशिनची खोड काय, ते कुठे अडतं, हे त्या मुलांपैकी एकानंही त्यांना विचारलं नाही. "अठ्ठावीस वर्षं त्याच्यापाशी उभा होतो मी. एका शब्दानं विचारलं नाही," हे वाक्य आमच्या घरी जेवणात मिठासारखं असायचं.

त्याच वर्षी मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर म्हणून लागले. दुसऱ्यानं केलेल्या कामात चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. पुण्यात हे काम लोक पिढ्यान्‌पिढ्या फुकट करत आले आहेत, पण ते असो.

रिकामे हात बाबांना सोसेनात. त्यांनी इंजिन मेलेली एक जुनी पिकअप घेतली. जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या जीपचं डिझेल इंजिन शोधलं आणि वारज्याला आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत तीन महिने खपून ते पिकअपमध्ये बसवलं. आरटीओचे कागद रीतसर केले. पहिल्याच चावीला इंजिन सुरू झालं तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली. बाबांनी कोणाकडेही बघितलं नाही, नुसते हात पुसत राहिले. मला मात्र भरून आलं होतं.

त्या भरात त्यांनी विहाराच्या सभेत तोंड उघडलं. आमच्या विहारासाठी कात्रजच्या एका मूर्तिकाराकडे बुद्धमूर्ती तयार होत होती. बुद्धपौर्णिमेला ती आणायला टेम्पो सांगू, असं अध्यक्ष दशरथकाका म्हणत होते. बाबा उठून उभे राहिले. "भाड्याचा टेम्पो काहून? मूर्ती माझ्या गाडीतून येईल." टाळ्या पडल्या. पुढच्याच रविवारी क्लच गेला.

या गाडीच्या क्लचला तार नाही. पेडल दाबलं की एका बारीक नळीतून तेल पुढे सरकतं आणि क्लच सोडवतं. नळीत हवा शिरली तर पाय नुसती हवाच दाबत बसतो, पेडल मऊ पडतं आणि गिअर पडत नाही. ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक गाडीखाली. बाबा खाली आणि आई, म्हणजे राधाबाई, वर. खालून हुकूम यायचा, "दाब!" आई दाबायची. "धर!" आई धरून ठेवायची, बाबा नळीच्या टोकाचं बारकं निप्पल ढिलं करून हवा जाऊ द्यायचे आणि पुन्हा कसायचे. "सोड!" आई सोडायची. असं चाळीस-पन्नास वेळा. शेजारच्या शर्मिलाताईंनी एकदा खिडकीतून विचारलं, "पूर्वा, आईंना फिजिओथेरपी चालू आहे का गं?"

पहिल्या दिवशी आई मधेच काही बोलायला गेली होती. बाबांनी खालूनच कारखान्याचा नियम सांगितला. "काम चालू असताना हेल्परनं विचारल्याशिवाय बोलायचं नाही. बोट जाते माणसाचं." आई गप्प बसली. तिचं गप्प बसणं साधं नसतं, हे बाबांना एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

दर रविवारी एकच प्रकार. दोघं चाचणीला निघायचे. हायवेनं वडगावच्या पुलापर्यंत गाडी झकास जायची. पुलापाशी पेडल थेट पत्र्याला टेकायचं. मग आईनं स्टिअरिंगवर बसून पेडल दाबायचं आणि बाबांनी दोन-चार जण गोळा करून गाडी चहाच्या टपरीपाशी ढकलायची. घाईत पाना हातात घ्यायचा नाही, हाही कारखान्याचाच नियम. म्हणून आधी चहा, मग वहीत जॉब कार्ड: काम क्रमांक, दोष, उपाय. यात अर्धा तास. मग गाडीखाली. दाब, धर, सोड. पेडल टणक. निकाल: ओके. गाडी घरी यायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच पुलापाशी बसायची.

बाबांनी क्लचचा वरचा सिलिंडर बदलला, खालचा बदलला, रबरं बदलली, तेल तर इतक्यांदा बदललं की दुकानदार त्यांना बघताच डबा काढून ठेवायचा. पुलापाशीच काहीतरी आहे, असं गल्लीचं मत पडलं. एका सकाळी कोणीतरी बंपरला लिंबू-मिरची बांधून गेलं. बाबा जन्मात इतके चिडले नव्हते. "कारणाशिवाय काही घडत नाही, हे अडीच हजार वर्षांआधी सांगून ठेवलं आहे, अन् हे लोक लिंबू बांधून राहिले!" आईनं लिंबाचं सरबत केलं आणि मिरच्या आमटीत टाकल्या.

मीही माझी अक्कल पाजळली. आमच्या कंपनीत जो दोष हुकमी पुन्हा दाखवता येत नाही तो आम्ही 'सापडला नाही' असा शेरा मारून बंद करून टाकतो, असं मी सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणून तुमचे कॉम्प्युटर तसे चालतात."

पौर्णिमा दहा दिवसांवर आली. दशरथकाका घरी आले, खुर्चीच्या टोकावर बसले. "नागोराव, टेम्पोवाल्याला सांगून ठेवू का? नुसतं सांगून." काका गेल्यावर बाबा भिंतीवरच्या त्या निरोपाच्या घड्याळाकडे बघत राहिले. टेम्पो आला तर कारखान्यानं पाठवलेली नोटीस खरी ठरणार होती, एवढाच हिशोब होता तो. मला त्या रात्री झोप लागली नाही.

बाराव्या रविवारी मीही सोबत गेले. पूल आला, पेडल गेलं, गाडी ढकलली, चहा झाला, जॉब कार्ड लिहून झालं. बाबा पाना घेऊन खाली शिरले.

"दाब!"

पेडल हललं नाही.

"अवं दाब ना!"

"कडकच हाये तो," आई म्हणाली.

"काय?"

"पेडल. ढकलत होते तवा मऊ होता. आता कडक हाये. तुमी तर हात बी नाही लावला अजून."

गाडीखाली पाना जमिनीवर टेकला. मग आवाज आला, "आजच झालं असं?"

"दर वेळी असंच होते. चहा झाला का कडक होते."

"मंग बोलली काहून नाहीस?"

"हेल्परनं विचारल्याशिवाय बोलायचं नाही म्हणे. तुमी कुठं विचारलं?"

टपरीवाला गाळणी हातात धरून ऐकत होता. बाबा सरपटत बाहेर आले. कपाळावर तेल, केसांत माती. फूटपाथवर बसले आणि म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मी म्हणून राहिलो, मला कोणी..." ते वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मग आईकडे वर बघत, मी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "राधा, अजून काय काय ध्यानात आलं तुझ्या?"

आईकडे बरंच काही साठलं होतं. घराजवळ फिरवली तर गाडी कधीच बसत नाही, लांब नेली की बसते. आणि बाबा चहा सांगायला गेले असताना एकदा तिनं फडकं घेऊन ती बारीक नळी पुसली होती, तेव्हा चटका बसला होता. तिनं बोट पुढे केलं. डाग अजून होता.

बाबा पुन्हा गाडीखाली गेले ते फक्त बघायला. जुन्या इंजिनाचा सायलेन्सर उजवीकडून जायचा, या नव्या इंजिनाचा डावीकडून. तेलाची नळी मात्र डावीकडेच होती, सायलेन्सरपासून दोन बोटांवर. ती चांगली होती म्हणून बाबांनी तिला हात लावला नव्हता. गाडी तापली की नळीतलं तेल उकळायचं, त्याची वाफ व्हायची आणि हवेसारखीच तीही पेडल मऊ पाडायची. चहा होईपर्यंत तेल निवायचं आणि पेडल पुन्हा कडक व्हायचं. अकरा वेळा गाडी चहानं दुरुस्त झाली होती आणि श्रेय पान्यानं घेतलं होतं.

आठवड्याभरात बाबांनी नळी पलीकडच्या बाजूनं फिरवली, मधे खाद्यतेलाच्या डब्याचा पत्रा आड लावला. जॉब कार्डावर नवा रकाना आखला: दोष कोणी शोधला. त्यात 'राधा नागोराव थूल' लिहिलं आणि तिची सही घेतली. निकालाचा रकाना तेवढा कोरा ठेवला.

पौर्णिमेला कात्रजला आठ जणांनी मूर्ती गाडीत चढवली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं पुढे-मागे चालत होती, गाडी त्यांच्या चालीनं, वर मे महिन्याचं ऊन. क्लचला याहून वाईट दिवस नसतो. आणि तीस फुटांवर मागून एक रिकामा टेम्पो येत होता. दशरथकाकांनी नुसतं सांगून ठेवलेला.

वडगावच्या पुलापाशी बाबांनी गाडी बाजूला थांबवली. मिरवणूक थांबली. टेम्पोवाला उत्साहानं उतरून मागचा फाळका उघडायला लागला. बाबा खाली उतरले, दार धरून उभे राहिले.

"राधा, सरक इकडं. बघ बरं, कसा लागते?"

पांढऱ्या साडीतली आई सरकून पेडलपाशी आली. चप्पल काढली. एकदा दाबलं, धरलं, सोडलं. पुन्हा दाबलं. तिला उशीर करायचाच होता, हे मला दिसत होतं. शंभर माणसं तिच्या पायाकडे बघत होती.

"कडक हाये," ती म्हणाली. "चला. आन् त्या टेम्पोत म्हाताऱ्या बायांना बसवा, उन्हात चालून राहिल्या."

विहाराच्या दारात गाडी लागली तेव्हा बाबांनी इंजिन बंद केलं, खिशातून वही काढली आणि पेनासकट आईच्या मांडीवर ठेवली. निकालाच्या कोऱ्या रकान्यात आईनं सावकाश लिहिलं: चहा न घेता आलो.