दोन्ही बाटल्यांना दालचिनीचा वास

माझी मावशी इस्पितळाच्या तळघरात कॅप्सूल भरायची. भोकाभोकांच्या फळीत रिकाम्या कॅप्सूल उभ्या करायच्या, वरून पूड पसरायची, टोपणं दाबायची. दालचिनीने रक्तातली साखर उतरते का, याची चाचणी चालली त्या वर्षी ती दुपारभर तपकिरी धुक्यात बसलेली असे. उंच खिडकीतून ऊन यायचं, पूड त्यात तरंगत राहायची आणि मावशीला आपणही थोडं तरंगतोय असं वाटायचं. घरी आली की तिच्या केसांना, उशीला, अगदी भांडणालाही तो गोडसर वास असायचा.

अर्ध्या रोग्यांना दालचिनी आणि अर्ध्यांना नुसतं भाजलेलं पीठ. कुणाला काय, ते एका डॉक्टरांनाच ठाऊक. वासावरून कळू नये म्हणून मावशी पिठाच्या बाटल्यांत दालचिनीची काडी मुरत ठेवायची आणि बाटल्या वर पाठवताना काढून घ्यायची. हे बाहेर बोलायचं नाही, अशी ताकीद होती.

तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, त्याच चाचणीत होते. घरचा माणूस घेऊ नये एवढं डॉक्टरांना सुचायला हवं होतं. पण शहाण्यांना सगळंच कुठे सुचतं? काका शिंपी. मधुमेहाच्या गोळ्या चुकवण्याच्या नादात पायाचं एक बोट गमावून बसलेले.

रोज ते बाटली उघडून आधी हुंगायचे. "मला खरीच मिळालीय. नाक खोटं सांगत नाही." काकांना झोप छान लागायची. तपकिरी झाडांच्या रानात आपण अनवाणी चालतोय, पाचही बोटं शाबूत आहेत, असं स्वप्न पडायचं. ते सांगताना त्यांचं मशीनही हळू चाले. मावशीला ते ऐकत राहावंसं वाटे.

एका सकाळी त्यांनी नेहमीची गोळी बाजूला सारली. "आजपासून ही बंद. दालचिनी पुरे."

मावशीने गोळी उचलून त्यांच्यासमोर धरली.

"अहो, वास दोन्हींना असतो. मीच लावते. तुमच्यात पीठ असेल नाहीतर दालचिनी, देव जाणे. ही घ्या."

काका बराच वेळ तिच्या हाताकडे बघत राहिले. मग गोळी घेतली.

मावशीने इस्पितळात जाऊन स्वतःच सगळं सांगितलं. काकांना चाचणीतून काढलं आणि मावशीला खोकल्याचं औषध भरायला बसवलं. तपकिरी दुपारी संपल्या. तिला त्याचं वाईट वाटलं, खूपच वाटलं.

संध्याकाळी काका मशीनवर नुसतेच बसले होते.

"पण मला बरं वाटत होतं गं."

"वाटू द्या की," मावशी म्हणाली. "गोळी घेऊन वाटू द्या."