चार थेंब गोमूत्र

बाबा गेल्यावर त्यांचं म्हणावं असं घरात हलतंबोलतं काही उरलं होतं, तर ते तीन गोल्डफिश. बोलतं नव्हेच म्हणा. पण आई हॉलमध्ये आली की तिघेही काचेशी गर्दी करत आणि तिला वाटे, हे बाबांनाच शोधतायत. सकाळी दाणे टाकताना ती त्यांच्याशी दोन शब्द बोलायची. आमच्याशी तेवढंही बोलत नव्हती. काही झालं तरी मासे जगले पाहिजेत, हे मी मनाशी पक्कं केलं.

अकराव्या दिवशी सुतक फिटलं तसं आम्ही मुलुंडचं आमचं घर धुऊन काढलं. चादरी, पडदे, माळ्यावरची भांडी, सगळं. माशांची टाकी मी हट्टाने स्वतःकडे घेतली. बाबा फिल्टरचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या गढूळ पाण्यात दोनदा पिळायचे आणि तसाच परत लावायचे. मला तो त्यांचा आळस वाटायचा. मी तो मूळ निळा रंग दिसेपर्यंत नळाखाली चोळला आणि खिडकीच्या ग्रिलवर कडक उन्हात वाळवला. दगड घासले, काचा घासल्या, सगळं पाणी नवं भरलं. क्लोरीन मारायचं औषध टाकायला मात्र विसरलो नाही. केमिस्ट्रीचा बीएस्सी आहे मी, एवढं कळतं. टाकी इतकी लखलखीत झाली की बाबांनी हे बघायला हवं होतं असं वाटून मला रडू आलं.

त्याच वेळी आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, हातात गोमूत्राची वाटी आणि आंब्याचं पान घेऊन घरभर शिंपडत होती. टाकीपाशी येऊन तिने झाकण उचललं आणि पानाने चार थेंब आत सोडले.

"अगं आत्या, काय करतेस?" मी ओरडलोच.

"त्यांनाही सुतक असतंच ना रे? ते काय परके आहेत?"

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घ्यायला लागले, कल्ले लालभडक. चौथ्या दिवशी सकाळी त्यातला एक उलटा तरंगत होता. आई आत निघून गेली. मी पाणी तपासायचं किट आणलं. नळीत थेंब टाकले की पाणी पिवळं राहायला हवं, ते गडद हिरवं झालं. अमोनिया. आणि गोमूत्रात काय असतं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. डोक्यात तिडीक गेली. तसाच आत्याला फोन लावला.

"तुझ्या गोमूत्राने बाबांचे मासे मारलेस तू."

ती म्हणाली, "किती गेले रे?"

"एक गेला. बाकीचेही जातील."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. साधं चुकलं म्हणायलाही हिला जड जातं, असं मी आईला मोठ्याने ऐकवलं.

मग गोमूत्राचा अंशही नको म्हणून मी सगळं पाणी पुन्हा काढलं, स्पंज पुन्हा खसाखसा धुतला, पुन्हा वाळवला. दोन दिवसांत दुसरा मासा गेला.

शेवटी घाटकोपरच्या एका जुन्या माशांच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या मालकांना सगळी कहाणी सांगितली. गोमूत्रापर्यंत आलो तेव्हा ते हसले.

"साहेब, शंभर लिटरच्या टाकीत चार थेंब? त्याने काय होतंय? स्पंज कोणी धुतला?"

"मी."

"नळाखाली? वरून वाळवला पण?"

मी मान हलवली.

"मग वाट लागणारच ना. त्या घाणीतच तर बॅक्टेरिया राहतात. माशांच्या शीतून अमोनिया होतो, तो तेच खाऊन टाकतात. तुम्ही त्यांनाच मारलंत. एकदा नाही, दोनदा."

त्यांनी आपल्या एका टाकीतला काळा, बुळबुळीत स्पंज काढून ओल्या पिशवीत घालून दिला. तो मी जिवापाड जपत घरी आणला. रोज थोडंथोडंच पाणी बदलायचं, दाणे जवळजवळ बंद. नळीतला हिरवा रंग हळूहळू उतरत गेला आणि मला आशा वाटायला लागली. पण उरलेल्या माशाचे कल्ले आधीच जळले होते. पाणी चांगलं झालं आणि त्यानंतर दोन दिवसांनी तो गेला.

"आता ती टाकी काढ इथून," एवढंच आई म्हणाली. स्पंजाचं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. आत्याला सांगायला मात्र माझी जीभ रेटेना. आज करू, उद्या करू म्हणत फोन राहिला. बाबांच्या पहिल्या मासिक श्राद्धाला ती आली नाही, गुडघा दुखतोय म्हणाली. तेव्हा लाज वाटून मी पार्ल्याला तिच्या घरी गेलो.

ती एकटीच राहते. मला बघून तिने लगबगीने चहा टाकला. आईची चौकशी केली, पण माशांचं नाव काढेना. मीच सुरुवात केली. स्पंज, बॅक्टेरिया, अमोनिया, सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं. चार थेंबांनी काहीच होत नाही, मासे मी मारले, तुझा काही दोष नाही, रागाच्या भरात नको ते बोललो, म्हटलं. तिने उठून माझ्या केसांवरून हात फिरवला.

"माझ्यासाठी कशाला अंगावर घेतोस रे? तू शिकलेला. तेव्हा तू रागात होतास, म्हणजे खरं तेच बोललास. आता माझी दया येऊन बोलतोयस."

मी पुन्हा सांगायला लागलो. तिने मला थांबवलं.

"दादाने जाताना तेवढेच तीन जीव मागे ठेवले होते," ती म्हणाली. "वहिनीला सांग, माझ्या हातून गेले. मला तिला तोंड दाखवायचा धीर होत नाही."