तपासलेल्या हरकती

आमच्या शाळेत जे काम कोणी घेत नाही ते मराठीच्या बाईंना देतात. शाळा ठाण्यातली, वर्तकनगरच्या पुढची, खाजगी, इंग्रजी माध्यमाची. गणिताच्या बाईंना वेळ नसतो, विज्ञानाच्या बाईंना विचारायचीही सोय नाही. मराठीचं काय, मराठी कधीही शिकवता येतं म्हणे. तेव्हा हस्ताक्षर स्पर्धा, हरवलेल्या डब्यांचं कपाट आणि इको क्लब अशी तिन्ही खाती माझ्याकडे आली. मी डोंबिवलीची, वय बावन्न, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. वर्गात मला सगळे घाबरतात असा माझा समज होता.

इको क्लबात आठवीची तेवीस मुलं होती. सुरुवातीला आम्ही थर्माकोलची पृथ्वी केली आणि तिच्यावर प्लास्टिकची अक्षरं चिकटवून 'प्लास्टिक टाळा' असं लिहिलं. तिला बक्षीस मिळालं. मग कागदी पिशव्या केल्या. त्या पालकांनी कौतुकाने घरी नेल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

शाळेच्या मागच्या बाजूला, बसच्या गेटपाशी एक जुना पर्जन्यवृक्ष होता. शाळा बांधायच्या आधीपासूनचा. एका सोमवारी त्याच्या खोडावर महापालिकेची नोटीस लागली. नोटीस मराठीत होती, त्यामुळे दोन दिवस आमच्या शाळेत ती कोणीही वाचली नाही. तिसऱ्या दिवशी क्लबची सेक्रेटरी, दोन वेण्यांची एक खमकी मुलगी, ती वहीत उतरवून घेऊन माझ्याकडे आली.

"टीचर, ही झाडाची ऑबिच्युअरी आहे का?"

मराठीतला प्रश्न विचारायला कोणी आपणहून आलं की मी विरघळते. मी नोटीस सगळ्या क्लबला वाचून दाखवली आणि अर्थ सांगितला. सौरऊर्जेच्या पॅनेलवर सावली पडत असल्याने सदर वृक्ष तोडण्याची परवानगी मागितली आहे, कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. अर्जदार कोण, तर आमचीच शाळा. त्या वर्षी शाळेला 'हरित शाळा' म्हणून सर्टिफिकेट हवं होतं, त्यासाठी गच्चीवर पॅनेल हवी होती, आणि गच्चीवर झाडाची सावली होती. मी हे जसंच्या तसं सांगितलं आणि एकदाही हसले नाही.

"पण टीचर, सोलरपण चांगलं असतं ना?" एकाने विचारलं.

"असतं."

"मग चुकतंय कोण?"

अशा वेळी शिक्षक जे करतो ते मी केलं. म्हटलं, वह्या काढा, औपचारिक पत्रलेखन. वृक्ष अधिकाऱ्यांना हरकतीचं पत्र लिहा, गृहपाठ.

दुसऱ्या दिवशी तेवीसच्या तेवीस वह्या आल्या. असं माझ्या आयुष्यात प्रथमच घडलं. एरवी 'सहलीचे वर्णन' लिहून आणा म्हटलं की अर्ध्या वर्गाला ताप येतो. सेक्रेटरीने लिहिलं होतं: "आमच्या वर्गाच्या खिडकीला झाडाची सावली आहे. एप्रिलमध्ये पण आम्हाला एसी लागत नाही. झाड तोडलं तर एसी लागेल. एसीसाठी सोलर लागेल. झाड ठेवलं तर दोन्ही लागणार नाही." मी तिला आठ मार्क दिले. शेवटी 'आपली विश्वासू' लिहायला विसरली होती. मागच्या बाकावरच्या एका मुलाने लिहिलं होतं की शाळेच्याच पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं, त्याने तीनदा जाऊन बघितलं होतं, पॅनेल तिथे लावावीत. त्या मुलाने तोवर माझ्या तासाला खिडकीबाहेर बघण्यापलीकडे काही केलं नव्हतं. मी सगळी पत्रं लाल पेनाने तपासली, खाली सही केली, 'छान!' असा शेरा मारला आणि उद्या फेअर कॉपी करून आणा म्हणून सांगितलं.

फेअर कॉपी! कप्पाळ माझं. पाठवायचंच आहे तर पुन्हा कशाला लिहायचं, असा विचार करून सेक्रेटरीने सगळ्यांच्या वहीतली पानं फाडून गोळा केली आणि आपल्या आजोबांकडे दिली. आजोबा इथल्या जुन्या गावातले. शेती होती तेव्हा सातबाऱ्यासाठी आणि शेती गेल्यावर मोबदल्यासाठी त्यांनी इतक्या कचेऱ्या पालथ्या घातल्या होत्या की कागद कुठल्या खिडकीत द्यायचा हे त्यांना कोणी सांगायला नको. सहाव्या दिवशी त्यांनी सगळी पत्रं देऊन शिक्का मारलेली पोच आणली.

पुढच्या आठवड्यात प्रिन्सिपॉल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर महापालिकेने अर्जदार म्हणून शाळेला पाठवलेल्या तेवीस पत्रांच्या झेरॉक्स. प्रत्येकावर माझी सही, माझा शेरा, माझे मार्क. मॅडमचं मराठी बेताचं, पण मार्क कुठल्याही भाषेत वाचता येतात.

"टीचर, शाळेच्या विरुद्धच्या लेटरला तुम्ही आठ मार्क दिलेत?"

"शेवट चुकला होता, नाहीतर नऊ दिले असते," मी म्हटलं. हे मी खरंच म्हटलं. त्यानंतर मात्र मॅडमनी चहा मागवला, आणि माझी पाचावर धारण बसली. आमच्या शाळेत शिक्षकांना चहा देत नाहीत.

चहा संपेपर्यंत त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, हा फक्त गृहपाठ होता, हरकत नव्हती, असं तुम्ही लिहून द्या. गुरुवारी सुनावणी आहे. दुसरी, माझा अकरा महिन्यांचा करार याच महिन्यात संपतोय. दोन्ही गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या सांगितल्या, मध्ये बिस्किटं पुढे करून.

घरी नवऱ्याची कंपनी बंद पडून वर्ष झालेलं, मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. या वयात मला दुसरी शाळा दारातही उभं करणार नव्हती. त्या संध्याकाळी आमटी खारट झाली म्हणून मी नवऱ्यावर ओरडले. आमटी मीच केली होती. मग मी ते पत्र लिहिलं. मला भीती वाटत होती आणि लाजही वाटत होती, आणि लिहिताना भीतीच जास्त वाटत होती.

सुनावणीला चार मुलं गणवेशात आली होती. अधिकारी भला माणूस. त्यांनी सगळी पत्रं वाचलेली दिसत होती, कारण आल्या आल्या विचारलं, "पलीकडच्या गच्चीचं कोणी लिहिलंय?" मागच्या बाकावरच्याने हात वर केला. साहेब म्हणाले, "चांगला मुद्दा आहे, शाळेला विचारावं लागेल." मुलगा माझ्याकडे बघून हसला. त्याला कोणी कधी असं म्हटलं नसावं.

मग साहेबांनी माझं पत्र काढलं.

"बाई, हे तुमचंच ना? गृहपाठ होता म्हणता. आता तुम्हीच सांगा, हरकती म्हणून धरू की नको?"

माणूस मला वाट करून देत होता. एक शब्द पुरे होता. चारही मुलं माझ्याकडे बघत होती, आणि त्यांची खात्री होती मी काय बोलणार याची.

"गृहपाठच होता," मी म्हटलं.

साहेबांनी फाईलवर तसं लिहिलं आणि तेवीस हरकती निकालात निघाल्या. दुसरी कोणाची हरकत आलेली नव्हती. पुढच्या रविवारी झाड गेलं. माझा करार वाढला, अजून तिथेच शिकवते.

त्या दिवशी सुनावणीतून बाहेर येऊन मी जिन्यापाशी उभी राहिले. मुलांना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते, मोठ्यांच्या अडचणी वगैरे. सेक्रेटरीने आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

"टीचर, इट्स ओके," ती म्हणाली. "माझे पप्पापण ऑफिसमध्ये असंच करतात."

"माझी मम्मीपण," मागच्या बाकावरचा म्हणाला, आणि पायरीवर सरकून त्याने मला बसायला जागा करून दिली.